जीपीच्या भिंतीवरचं 'गुड' नेमकं कशाचं असतं

इंग्लंडमध्ये राहायला आलेल्या माणसाला जीपीकडे, म्हणजे सरकारी आरोग्यसेवेतल्या फॅमिली डॉक्टरकडे, नाव नोंदवायचं असतं, तेव्हा तो आधी गुगलचे स्टार बघतो, मग कोणीतरी सांगतं की सीक्यूसीचं रेटिंग बघ, आणि मग तो घाबरतो, कारण घराजवळच्या प्रॅक्टिसला, म्हणजे जीपीच्या दवाखान्याला, 'रिक्वायर्स इम्प्रूव्हमेंट' (सुधारणा हवी) लिहिलेलं असतं आणि लांबच्या प्रॅक्टिसला 'गुड'. मग प्रश्न सुरू, जवळच्या ठिकाणी डॉक्टर वाईट आहेत का, मुलांना तिथे न्यायचं का वगैरे. तर हे रेटिंग कोण देतं, कशावरून देतं आणि त्यातलं आपण काय वाचायचं, ते जरा नीट सांगतो. माझं मत आधीच सांगून टाकतो: हे रेटिंग डॉक्टर हुशार आहे का हे सांगतच नाही, त्या डॉक्टरच्या मागचा कारभार नीट चालतो का ते सांगतं, आणि पेशंटचं नुकसान होतं ते बहुतेक वेळा या कारभारातल्या फटींमुळे.

सीक्यूसी म्हणजे केअर क्वालिटी कमिशन, आरोग्यसेवांची तपासणी करणारी संस्था. 2009 मध्ये सुरू झालं, हॉस्पिटलं, केअर होम, डेंटिस्ट सगळे त्याच्याखाली येतात आणि जीपी प्रॅक्टिसना एप्रिल 2013 पासून त्याच्याकडे नोंदणी करावी लागते, नोंदणी नसेल तर दवाखाना चालवणं बेकायदा. हे फक्त इंग्लंडपुरतं बरं का. वेल्स, स्कॉटलंड आणि नॉर्दर्न आयर्लंडमध्ये तपासणाऱ्या संस्था वेगळ्या आहेत, त्यामुळे कार्डिफच्या मित्राने सीक्यूसीच्या साइटवर आपला जीपी शोधून सापडला नाही म्हणून घाबरू नये.

हे सगळं इतकं कडक का झालं याच्यामागे बरीच कारणं आहेत, पण एक नाव टाळता येत नाही, हॅरोल्ड शिपमन. मँचेस्टरजवळच्या हाइड गावातला जीपी, स्वतःची एकट्याची प्रॅक्टिस, पेशंटमध्ये लोकप्रिय, आणि तोच पेशंटना डायमॉर्फिन (औषध म्हणून वापरलं जाणारं हेरॉइन) देऊन मारत होता. जानेवारी 2000 मध्ये त्याला 15 खुनांसाठी दोषी ठरवलं आणि नंतर डेम जॅनेट स्मिथ यांच्या चौकशीत 215 बळी निश्चित झाले. कित्येक वर्षं कोणाच्या लक्षात आलं नाही, कारण मृत्यूचा दाखलाही तोच देत होता, औषधांचा हिशेबही तोच ठेवत होता आणि त्याच्या कामावर दुसऱ्या कोणाची नजरच नव्हती. पुढे कंट्रोल्ड ड्रग्जचे, म्हणजे अशा जहाल औषधांचे, नियम घट्ट झाले, डिसेंबर 2012 पासून डॉक्टरांचं रिव्हॅलिडेशन सुरू झालं, म्हणजे दरवर्षी अप्रेझल आणि साधारण पाच वर्षांतून एकदा लायसन्स चालू ठेवायचं की नाही याचा निर्णय, आणि सप्टेंबर 2024 पासून तर इंग्लंड आणि वेल्समध्ये कॉरोनरकडे (संशयास्पद मृत्यूंची चौकशी करणारा अधिकारी) न जाणारा प्रत्येक मृत्यू एक स्वतंत्र मेडिकल एक्झामिनर बघतो. पेशंटचा विश्वास आणि प्रत्यक्ष सुरक्षितता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या एका प्रकरणाने सगळ्यांना शिकवलं.

आता रेटिंगकडे वळू. सीक्यूसी पाच प्रश्न विचारतं: जागा सेफ आहे का, उपचार इफेक्टिव्ह आहेत का, वागणूक केअरिंग आहे का, गरजेप्रमाणे रिस्पॉन्सिव्ह आहे का आणि वेल-लेड आहे का, म्हणजे चालवणाऱ्यांचा कारभार धड आहे का. उत्तरं चारच, आउटस्टँडिंग, गुड, रिक्वायर्स इम्प्रूव्हमेंट आणि इनॅडिक्वेट, मग सगळं मिळून एक ओव्हरऑल रेटिंग. एप्रिल 2015 पासून हे रेटिंग दवाखान्यात दिसेल असं लावणं आणि वेबसाइटवर दाखवणं कायद्याने बंधनकारक आहे. बहुतेक प्रॅक्टिस 'गुड' असतात, त्यामुळे नुसतं 'गुड' बघून फारसं काही कळत नाही.

आणि इथे एक गोष्ट आहे जी बऱ्याच जणांना माहीत नसते. पाचपैकी एकाच प्रश्नात 'रिक्वायर्स इम्प्रूव्हमेंट' असेल तरी ओव्हरऑल 'गुड' येऊ शकतं, साधारण दोन प्रश्नांत कमी पडले की मग ओव्हरऑल खाली येतं. म्हणजे भिंतीवर 'गुड' लावलंय पण आत 'सेफ'समोर 'रिक्वायर्स इम्प्रूव्हमेंट' आहे असं होऊ शकतं. उलटंही होतं, 'सेफ' व्यवस्थित आहे पण फोन लागत नाही आणि अपॉइंटमेंटची बोंब आहे म्हणून 'रिस्पॉन्सिव्ह' पडलंय. मला विचाराल तर मी ही 'सेफ' असलेली प्रॅक्टिस घेईन, फोनसाठी चिडचिड होईल ती परवडली, पण ब्लड टेस्ट न बघता औषध चालू ठेवणारी जागा नको. तेव्हा सीक्यूसीच्या साइटवर प्रॅक्टिसचं नाव टाका, पाचही रेटिंग वेगवेगळी दिसतात, पूर्ण रिपोर्टपण असतो, त्यातला 'सेफ'चा भाग आधी वाचा.

तपासायला येतात कोण? सीक्यूसीचा इन्स्पेक्टर असतो आणि सोबत स्पेशालिस्ट अ‍ॅडव्हायझर म्हणून एक जीपी असतो, कारण मेडिकल रेकॉर्ड वाचून चूक काय ते कळायला डॉक्टरच लागतो. लोकांना वाटतं की हे येऊन फरशी स्वच्छ आहे का बघतात, तेही बघतात, पण गेल्या काही वर्षांत खरी परीक्षा कॉम्प्युटरवर होते. प्रॅक्टिसच्या रेकॉर्ड सिस्टीमवर ठरावीक सर्च चालवतात आणि त्यातून निघालेल्या पेशंटपैकी काहींची फाइल उघडून वाचतात.

त्या सर्चमध्ये काय असतं ते बघितलं की सुरक्षितता म्हणजे काय ते डोक्यात बसतं. उदाहरणार्थ मेथोट्रेक्सेट, संधिवातासाठी देतात, आठवड्यातून एकदाच घ्यायची गोळी आहे, चुकून रोज घेतली तर माणूस जाऊ शकतो, आणि नीट घेतली तरी लिव्हरवर, किडनीवर आणि रक्तपेशींवर परिणाम होऊ शकतो म्हणून डोस स्थिर झाल्यावरही साधारण दर तीन महिन्यांनी ब्लड टेस्ट लागते. आता होतं असं की औषध हॉस्पिटलच्या स्पेशालिस्टने सुरू केलं, रिपीट प्रिस्क्रिप्शन जीपी देतो, टेस्ट कधी हॉस्पिटलमध्ये होते कधी जीपीकडे, आणि मधल्या मधे कोणीच रिझल्ट बघत नाही, पेशंटला वाटतं डॉक्टर बघतायत आणि डॉक्टरला वाटतं हॉस्पिटल बघतंय. तर सर्च विचारतो, हे औषध चालू असलेल्यांपैकी किती जणांची वेळेत टेस्ट झालेली नाही, आणि तरी गोळ्या देणं चालूच आहे का. बायपोलरसाठी देतात ते लिथियम आणि ब्लड प्रेशरच्या काही गोळ्या यांचंही असंच, किडनी आणि पोटॅशियम बघितल्याशिवाय वर्षानुवर्षं देत राहायच्या नसतात.

दुसरा सर्च अस्थमाचा. निळा इनहेलर तात्पुरता आराम देतो, आजार आटोक्यात ठेवत नाही, आणि वर्षभरात 12 किंवा जास्त निळे इनहेलर नेणारा पेशंट म्हणजे अस्थमा हाताबाहेर चाललाय याची खूण. पेशंट बिचारा खुश असतो, मागितला की मिळतो. पण चांगली प्रॅक्टिस इथे त्याला बोलावून घेते. अजून एक सर्च असा की कोणाची शुगर टेस्ट डायबेटिसच्या पट्ट्यात आली पण रेकॉर्डवर डायबेटिसचं निदानच टाकलेलं नाही, म्हणजे त्या माणसाला ना डोळ्यांच्या तपासणीचं बोलावणं येणार ना पायांच्या. रिपोर्ट आला, कोणीतरी बघितला, 'नॉर्मल नाही' असं कळलं आणि पुढे काहीच झालं नाही. अशी माणसं सापडतात, म्हणून तर सर्च ठेवलाय.

मग येतात सेफ्टी अलर्ट. औषधांवर लक्ष ठेवणारी एमएचआरए नावाची संस्था आहे, तिच्याकडून वेळोवेळी सूचना येतात. सगळ्यात गाजलेलं व्हॅलप्रोएट, फिट्ससाठी आणि बायपोलरसाठी वापरतात, गरोदरपणात घेतलं तर बाळाला गंभीर इजा होऊ शकते, म्हणून 2018 पासून मूल होऊ शकेल अशा वयातल्या बायकांना ते द्यायचं असेल तर प्रेग्नन्सी प्रिव्हेन्शन प्रोग्राम लागतो. तपासणीत बघतात ते हे की सूचना आल्यावर प्रॅक्टिसने आपल्याकडच्या पेशंट शोधून काढल्या का आणि त्यांच्याशी बोलणं झालं का, की ईमेल वाचून फोल्डरमध्ये टाकला. आणि एकदा शोधून भागत नाही, कारण नवीन पेशंट येत राहतात.

कागदपत्रांचा ओघ हा तर वेगळाच विषय आहे आणि माझ्या मते सगळ्यात दुर्लक्षित. एका प्रॅक्टिसमध्ये रोज ढिगाने हॉस्पिटलची पत्रं आणि लॅबचे रिझल्ट येतात. पत्रात दुसऱ्या पानावर एक ओळ असते की अमुक गोळी बंद केली आणि तमुक सुरू केली, ती ओळ कोणी वाचायची, रिपीट लिस्टमध्ये बदल कोणी करायचा, ज्या डॉक्टरच्या नावावर रिझल्ट आला तो सुट्टीवर असेल तर कोण बघणार, हे सगळं लिहून ठरवलेलं लागतं. तपासणीत विचारतात की न बघितलेले रिझल्ट किती पडलेत आणि सगळ्यात जुना कधीचा आहे. तसंच कॅन्सरच्या संशयावरून अर्जंट रेफरल पाठवलं तर पेशंटला खरंच अपॉइंटमेंट मिळाली का आणि तो गेला का, हे बघायची काही पद्धत हवी. नुसतं पाठवलं म्हणून काम झालं असं नाही.

आता फ्रिज. हसू नका, फ्रिजवरून प्रॅक्टिस चांगल्याच अडचणीत येतात. लसी 2 ते 8 डिग्रीतच ठेवाव्या लागतात, गरम झाल्या तर खराब होतातच, पण काही लसी गोठल्या तर त्याही वाया, आणि लसीकडे बघून हे कळत नाही. म्हणून रोज आत्ताचं, कमीत कमी आणि जास्तीत जास्त तापमान लिहायचं, थर्मामीटर रिसेट करायचा, फ्रिजचा प्लग सफाईवाल्याने चुकून काढू नये याची सोय करायची. वहीत चार दिवस 9 डिग्री लिहिलंय आणि समोर 'काय केलं' हा रकाना रिकामा आहे, ही तपासणाऱ्यांना सापडणारी खास गोष्ट, म्हणजे मोजलं सगळ्यांनी, पण मोजून करायचं काय ते कोणालाच माहीत नव्हतं.

बाकी भौतिक गोष्टी भराभर सांगतो. सुयांचा पिवळा डबा खुणेच्या वर भरायचा नाही आणि भरला नाही तरी तीन महिन्यांनी बदलायचा. इमर्जन्सीसाठी ऑक्सिजन, डिफिब्रिलेटर आणि अ‍ॅड्रेनलिनसारखी औषधं हवीत, एखादं ठेवायचं नसेल तर का नाही याचा लेखी विचार हवा, आणि ती कुठे ठेवलीत हे रिसेप्शनवरच्या माणसालाही माहीत हवं. पाण्याच्या नळात लीजनेला जंतू होऊ नयेत म्हणून तापमान बघायचं, न वापरलेले नळ नियमित सोडायचे. नोकरीवर घेताना डॉक्टर आणि नर्सची नोंदणी तपासायची, गरजेप्रमाणे गुन्हेगारी पार्श्वभूमीची चौकशी करायची. लहान मुलांना किंवा दुबळ्या माणसांना कोणी त्रास देतंय असा संशय आला तर कोणाला सांगायचं हे सगळ्या स्टाफला ठाऊक हवं, अगदी फोन उचलणाऱ्यालासुद्धा.

या सगळ्याबद्दल अफवापण भरपूर असतात, की सीक्यूसीला हे चालत नाही, ते चालत नाही. शेवटी सीक्यूसीलाच 'जीपी मिथबस्टर्स' नावाची पानं काढावी लागली. ती वाचायला सोपी आहेत, पेशंटनेही वाचावी अशी. त्यातलं आपल्या कामाचं एक: नाव नोंदवताना पासपोर्ट किंवा पत्त्याचा पुरावा नाही एवढ्या कारणावरून प्रॅक्टिसने नकार द्यायचा नसतो. तरी रिसेप्शनवर मागतात, तेव्हा शांतपणे सांगायचं की एनएचएसच्या, म्हणजे सरकारी आरोग्यसेवेच्या, नियमात हे सक्तीचं नाही.

'इफेक्टिव्ह'मध्ये आकडे असतात. मुलांच्या लसीकरणात किमान 90 टक्के आणि खरं उद्दिष्ट 95 टक्के, सर्व्हायकल स्क्रीनिंगमध्ये (गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरची तपासणी) 80 टक्के. हे आकडे वाचताना जरा सबुरी ठेवा, कारण लोक सतत घर बदलतात अशा शहरी वस्तीतल्या प्रॅक्टिसला 80 गाठणं अवघड जातं आणि जुन्या स्थिर गावातल्या प्रॅक्टिसला ते आपोआप मिळतं, त्यात डॉक्टरचं कर्तृत्व किती हा वादाचा मुद्दा आहे. म्हणून आकडा कमी असेल तर त्यावर ते काय करतायत ते वाचा, शनिवारी क्लिनिक ठेवलंय का, फोन करून बोलावतात का.

आता सीक्यूसीवरच थोडं, कारण तपासणाऱ्यालाही तपासलं पाहिजे. 2023 च्या अखेरीस त्यांनी तपासणीची नवीन पद्धत आणली आणि सगळा घोळ झाला, रिपोर्ट रखडले, नवीन कॉम्प्युटर सिस्टीम चालेना. 2024 मध्ये डॉ. पेनी डॅश यांनी परीक्षण केलं तेव्हा निघालं की तपासण्या खूपच कमी झाल्यात, काही ठिकाणचं रेटिंग कित्येक वर्षं जुनं आहे आणि काहींना कधी रेटिंग मिळालेलंच नाही, आणि आरोग्यमंत्री वेस स्ट्रीटिंग यांनी ही संस्था तिच्या कामाला लायक राहिली नाही असं उघड सांगितलं. तेव्हा रेटिंगच्या खालची तारीख बघणं हे रेटिंग बघण्याइतकंच महत्त्वाचं आहे, ते गाडीच्या एमओटीसारखं, म्हणजे दरवर्षीच्या सक्तीच्या तपासणीसारखं आहे, त्या दिवशी पास झाली एवढंच कळतं. 2019 चं 'आउटस्टँडिंग' असेल आणि त्यानंतर प्रॅक्टिस चालवणारे दोन पार्टनर डॉक्टर रिटायर झाले असतील तर त्या शब्दाला मी फार किंमत देणार नाही. उलट मागच्या वर्षी 'रिक्वायर्स इम्प्रूव्हमेंट' मिळालेली प्रॅक्टिस आत्ता सगळ्यात जास्त सावध असू शकते, कारण ते परत येणार हे त्यांना माहीत असतं. 'इनॅडिक्वेट' मात्र गंभीर घ्या. तिथे स्पेशल मेजर्स (खास देखरेख), वॉर्निंग नोटीस, अटी, अगदी नोंदणी रद्द होण्यापर्यंत जाऊ शकतं.

रेटिंगच्या जोडीला जीपी पेशंट सर्व्हे बघा, दरवर्षी होतो, प्रत्येक प्रॅक्टिसचा वेगळा निकाल मिळतो, फोन लागतो का, डॉक्टर ऐकून घेतात का असे प्रश्न असतात. गुगलच्या स्टारपेक्षा कितीतरी बरा, कारण स्टार देणारा बहुतेक वेळा चिडलेला असतो.

आणि पेशंट म्हणून आपण काय करायचं, कारण या साखळीत आपणही आहोत. टेस्ट झाली की 'काही कळवलं नाही म्हणजे सगळं ठीक' असं धरून बसू नका, एनएचएस अ‍ॅपमध्ये रिझल्ट बघा नाहीतर फोन करा. भारतातून आणलेल्या गोळ्या, आयुर्वेदिक असोत नाहीतर तिथल्या डॉक्टरने दिलेल्या, जीपीला सांगा, त्या रेकॉर्डवर नसतील तर सिस्टीम धोक्याची सूचना देऊच शकत नाही. आईवडील सोबत असतील आणि त्यांना इंग्रजी जमत नसेल तर दुभाष्या मागा, त्याचे पैसे पेशंटने द्यायचे नसतात, आणि मुलाने किंवा सुनेने भाषांतर करण्यात अडचण ही असते की आई काही गोष्टी मुलासमोर बोलतच नाही. नाजूक तपासणीच्या वेळी शॅपरोन, म्हणजे सोबत थांबणारी तिसरी व्यक्ती, मागायचा हक्क आहे, त्यात संकोच नको. समोर बसलेली व्यक्ती डॉक्टर आहे, नर्स आहे की आणखी कोणी, हे विचारण्यातही काही उद्धटपणा नाही. फिजिशियन असोसिएट या पदावरून, म्हणजे स्वतः डॉक्टर नसलेल्या पण डॉक्टरांच्या हाताखाली पेशंट बघणाऱ्यांवरून, एवढा गोंधळ झाला की 2025 मध्ये प्रोफेसर जिलियन लेंग यांच्या अहवालाने त्यांचं नाव फिजिशियन असिस्टंट करावं आणि निदान न झालेल्या पेशंटला त्यांनी आधी बघू नये अशी शिफारस केली.

सप्टेंबर 2025 मध्ये आलेला 'जेस रूल' तर लक्षातच ठेवा. जेसिका ब्रेडी नावाची 27 वर्षांची मुलगी, काही महिन्यांत 20 हून जास्त वेळा जीपीशी संपर्क केला आणि शेवटी पसरलेला कॅन्सर निघाला, डिसेंबर 2020 मध्ये ती गेली. तिच्या आईवडिलांनी लावून धरलं म्हणून आता जीपींना सांगितलंय की पेशंट त्याच तक्रारीसाठी तिसऱ्यांदा आला आणि निदान होत नाही किंवा त्रास वाढतोय, तर थांबून नव्याने विचार करा, प्रत्यक्ष तपासा, दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्या, गरज असेल तर पुढे पाठवा. तिसऱ्यांदा गेलात तर 'मी याच त्रासासाठी तिसऱ्यांदा आलोय' हे पहिल्याच वाक्यात सांगा.

काही चुकलं तर? कायद्याने ड्युटी ऑफ कँडर आहे, म्हणजे गंभीर नुकसान झालं तर प्रॅक्टिसने स्वतःहून सांगायचं आणि माफी मागायची. तक्रार करायची तर आधी प्रॅक्टिस मॅनेजरकडे, प्रॅक्टिसशी बोलायचंच नसेल तर त्या भागातल्या इंटिग्रेटेड केअर बोर्डकडे (तिथल्या आरोग्यसेवेचं नियोजन करणारं एनएचएसचं मंडळ), दोन्हीकडे एकाच तक्रारीसाठी नाही, आणि साधारण 12 महिन्यांच्या आत. सीक्यूसीला जरूर कळवा, त्यांना पुढच्या तपासणीत ते उपयोगी पडतं, पण ते तुमच्या एकट्याच्या तक्रारीचा निकाल लावत नाहीत, हे माहीत नसल्यामुळे लोक महिनोन्‌महिने उत्तराची वाट बघत बसतात. प्रॅक्टिसचं उत्तर पटलं नाही तर पुढे पार्लमेंटरी अँड हेल्थ सर्व्हिस ओम्बड्समनकडे, म्हणजे अशा तक्रारींचा स्वतंत्रपणे निवाडा करणाऱ्याकडे, जायचं, आणि ते आधी विचारतात की प्रॅक्टिसचं अंतिम उत्तर कुठे आहे, म्हणून फोनवर कितीही गोड बोलले तरी ते उत्तर लेखी मागून घ्या.